शाल, श्रीफळ आणि चिंचखारचा थांबा

९ जुलै १९९१

कोर्टाबाहेरच्या माझ्या टेबलाशी बसून एका म्हातारबुवांच्या प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का मारत होतो, तेवढ्यात केसरीनाथशेठची जीप येऊन उभी राहिली. कोन गावचे केसरीनाथ पाटील म्हणजे भिवंडी तालुक्यातला आमचा पक्ष. जमिनी त्यांच्या, गोदामं त्यांची, धामणकर नाक्यावर उभे असतात ते टेम्पोही बहुतेक त्यांचेच. इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी जीपमधून खाली उतरले असं कधी झालं नव्हतं. एरवी आम्हीच जीपपाशी जातो.

"अण्णा, बॅग भरा. दिल्लीला जायाचा हाय."

"कोणाची केस?"

"केस न्हाय. खासदार म्हनून."

प्रकार असा, की राज्यसभेतले आमच्या पक्षाचे एक वृद्ध सदस्य मे महिन्यात वारले. त्यांची मुदत पुढच्या एप्रिलपर्यंत होती. त्या उरलेल्या मुदतीसाठी कोणाला पाठवायचं यावरून मुंबईत दोन गटांची चांगलीच जुंपली. शेवटी ज्याच्या नावाला कोणाचाच विरोध नाही असा माणूस शोधायचं ठरलं आणि शेठनी माझं नाव सुचवलं. पस्तीस वर्षं निष्ठेनं सतरंज्या अंथरल्या, त्याचं चीज झालं.

अनसूयेला सांगितलं. ती निवृत्त शिक्षिका, तिला प्रत्येक गोष्ट शाळेच्या मापानं मोजायची सवय.

"म्हणजे बदली शिक्षक," ती म्हणाली. "आणि विरोध नाही म्हणजे पाठिंबा आहे असं नसतं हो."

तिच्या बोलण्यात थोडा मत्सर असावा. मी सोडून दिलं.

२१ जुलै

बिनविरोध निवडून आलो. ॲडव्होकेट हरी रामनाथ टिपणीस, संसद सदस्य. पाटी रंगवायला टाकली आहे.

सत्कारांनी जीव मेटाकुटीला आला. व्यापारी मंडळ, वकील संघ, गणेशोत्सव मंडळं, व्यायामशाळा. प्रत्येक ठिकाणी एक शाल, एक श्रीफळ आणि भाषणात एकच वाक्य : "अण्णासाहेब आपले आहेत." त्यानंतर कोपऱ्यात घेऊन गॅस कनेक्शनची विचारणा. खासदाराला गॅसच्या कुपनांचा कोटा असतो हे मला माहीत नव्हतं, पण गावात लहान पोरालाही माहीत होतं. टेलिफोनचंही तसंच. नारळ इतके साठले, की अनसूया रोज वड्या करते आणि शाली कपाटाच्या वर रचून ठेवते.

दुपारी मात्र एक वेगळीच बाई आली. धोंडूबाई, खाडीकाठच्या चिंचखार गावची. पाटीत केळीच्या पानाखाली जिताडा. जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला सोन्यासारखा मासा, कोणी मामलेदाराशिवाय इतरांना सहसा देत नाही. म्हटलं, हिलाही गॅसच हवा असणार.

"गॅस नको साहेब. आमचे गावान गारी थांबत न्हाय, ती थांबवा."

चिंचखारच्या बायका रोज सकाळी दिवा जंक्शनकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीनं भाजी आणि मासळी विकायला जातात. गावात स्टेशन नाही. पण वळणावर ड्रायव्हर गाडी बैलगाडीसारखी हळू करतो आणि बायका पाट्या आत टाकून चढतात. ड्रायव्हर भला माणूस. त्याला सणासुदीला खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या पोचतात. गेल्या पावसात धोंडूबाईची सून गुणाबाई चढताना घसरली, तेव्हापासून लंगडते.

"एक मिंट थांबली तरी व्हईल. पोरी मरतील न्हाय तर."

माझ्या खासदारकीचं पहिलं काम, आणि तेही असं सरळ! मी जिताड्याच्या साक्षीनं शब्द दिला. रात्री जेवताना अनसूया म्हणाली, "मासा गोड आहे. आता बांधले गेलात बरं का."

१ ऑगस्ट, दिल्ली

शपथ घेतली, मराठीतून. जागेवर परत येताना धोतराचा सोगा खुर्चीच्या कडेला अडकला, पण कोणाच्या लक्षात आलं नसावं.

माझी जागा शेवटच्या रांगेत खांबाजवळ आहे. तिथून सभापती दिसत नाहीत, आवाज मात्र स्वच्छ येतो. शेजारी बिहारचे एक वयस्कर सदस्य बसतात. त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. सदस्याचं पहिलं भाषण चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही आणि वेळेची घंटाही सहसा वाजवत नाहीत. "पहला भाषण सँभालकर रखिए, टिपणीसजी. दूसरे में कोई नहीं सुनता."

"मेरे को ये मालूमच नहीं था," मी म्हणालो.

ते हसले आणि त्यांनी पलीकडच्या सदस्यालाही ते सांगितलं. तोही हसला. माझी हिंदी इथे सगळ्यांना आवडलेली दिसते. आमच्या भिवंडीत कापडाच्या लूमवाल्यांशी बोलून बोलून जिभेला वळण पडलं आहे, त्याचा असा उपयोग झाला.

ठरलं. पहिलं भाषण राखून ठेवायचं.

३१ ऑगस्ट

अर्थसंकल्पावर चर्चा झाली, मी बोललो नाही. वस्त्रोद्योगावर झाली. भिवंडीचा माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तरीही बोललो नाही. असं कुठल्याही फुटकळ विषयावर पहिलं भाषण उडवून टाकायचं नसतं.

घरी ओटीवर माणसं सकाळपासून बसलेली असतात. गॅसची कुपनं केव्हाच संपली. आधी कोणाला द्यायची ते शेठनीच ठरवून दिलं, त्यामुळे माझा मोठा भार हलका झाला.

१६ नोव्हेंबर

धोंडूबाई पुन्हा येऊन गेली. "साहेब, इसरलात का?" मी म्हटलं, अहो, संसदेत गोष्टी अशा हातासरशी होत नाहीत, प्रश्न विचारावा लागतो. आणि आज संध्याकाळी बसून तारांकित प्रश्न तयार केलाच. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं आणि आपल्याला त्यावर उपप्रश्न विचारता येतो.

चाळीस वर्षांची वकिली पणाला लावली. चिंचखारला थांबा देणार काय? नसल्यास कारणे काय? आणि मग माझं हुकमी पान : "सदर ठिकाणी ड्रायव्हर आताही दररोज गाडी अत्यंत मंद करीत असल्याने, थांबा दिल्यास वेळेचे काडीचेही नुकसान होणार नाही, हे खरे आहे काय?" यावर मंत्री काय बोलणार? मुद्दा आपणच सिद्ध करून समोरच्याच्या तोंडात द्यायचा. कोर्टात याला फार किंमत असते.

अनसूयेनं वाचलं. "तो ड्रायव्हर गाडी हळू करतो, हे कशाला लिहिलंत?"

"तोच तर पुरावा!"

"वर्गात कॉपी करू देणाऱ्या मास्तरांचं नाव मुलं हेडमास्तरांना सांगत नाहीत."

शिक्षणखातं आणि संसद यांत फरक असतो, हे मी तिला समजावून सांगितलं. ती भाजी निवडायला निघून गेली.

२८ नोव्हेंबर

माझा प्रश्न सोडतीत निघाला! तोही यादीत अगदी वर. शुक्रवार, १३ डिसेंबर, सकाळी अकरा. आधी प्रश्न, मग उपप्रश्न, आणि सभापतींची मर्जी असली तर दोन शब्द जास्त. म्हणजे पहिलं भाषणच जवळजवळ.

आनंदाच्या भरात थेट कोनला जाऊन शेठना सांगितलं. त्यांनी फार आस्थेनं ऐकलं. कोणतं गाव, कोणती गाडी, तारीख कोणती, सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. "चिंचखार म्हंजे आपले टेम्पोच्या रोडवरच की," असंही म्हणाले. लोकांच्या अडचणीत इतका रस घेणारा पुढारी विरळा.

निघताना एप्रिलचा विषय त्यांनीच काढला. एप्रिलमध्ये जागा पूर्ण सहा वर्षांसाठी भरायची आहे. "बघू की अण्णा. तुमचाच नाव हाय डोक्यात." रिक्षात बसलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

४ डिसेंबर

पेच पडला आहे.

शेठच्या पुतणीचं लग्न रविवारी, ८ तारखेला होतं. पत्रिका मागेच आली होती, ती मी पाहून ठेवली होती. आज शेठ स्वतः नवी पत्रिका घेऊन आले. लग्न १३ तारखेला, शुक्रवारी. आमच्याकडे लूमला शुक्रवारी सुट्टी असते, पावर बंद असते, म्हणून सगळ्यांना येता यावं यासाठी शुक्रवार काढला म्हणे. पत्रिकेत सर्वांत वर, गणपतीच्या खालोखाल, जाड टायपात : प्रमुख उपस्थिती, मा. खासदार अण्णासाहेब टिपणीस.

ज्यांना आमच्या भागाची माहिती नाही त्यांना यातली गोम कळणार नाही. इथे पत्रिकेत नाव छापलं आणि माणूस आला नाही, तर लग्नघराची मान मांडवात खाली जाते. पुढे तीन पिढ्या ते विसरत नाहीत. आमदार पडले आहेत इथे, न आलेल्या लग्नांपायी.

"शेठ, त्या दिवशी माझा प्रश्न आहे हो दिल्लीत."

"उत्तर तं लेखी भेटतेच ना?"

तेही खरं आहे. सदस्य हजर नसला तरी उत्तर सभागृहात ठेवतात. फक्त उपप्रश्न राहतो.

"आनि एप्रिलला मुंबईचे लोक इचारतील, अण्णा आपल्या मानसांत असतान का न्हाय..." एवढं बोलून ते थांबले आणि चहा प्यायले.

अनसूयेनं दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "सुट्टीचा रविवार सोडून शुक्रवार काढला आणि सगळ्या पत्रिका परत छापल्या? एवढा मुहूर्त कोणत्या भटजीनं दिला?" श्रीमंतांचं काम, त्यांना परत छापायला काय लागतं! मला वेगळीच चिंता आहे. धोंडूबाईला शब्द दिला आहे, आणि सहा वर्षं मिळाली तर अशा कितीतरी धोंडूबाईंची कामं करता येतील. एका थांब्यापायी सहा वर्षं घालवायची का? विचार केला की दोन्हीकडून पटतं. वकिलीचा हाच तोटा.

१३ डिसेंबर

कोनचं लग्न थाटात झालं. मांडव महामार्गापर्यंत गेला होता. बरोबर अकरा वाजता माईकवरून माझं नाव पुकारलं गेलं, सनई थांबवली गेली आणि शेठनी स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली. गडद लाल, जरीच्या काठाची, आतापर्यंतच्या सगळ्या शालींत भारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. याच वेळी दिल्लीत माझं नाव पुकारलं गेलं असेल आणि खांबाजवळची खुर्ची रिकामी असेल. शेजारचे बिहारवाले काय म्हणाले असतील कोण जाणे.

शाल अंगावर फार गरम होत होती, तरी शेवटपर्यंत काढली नाही. जेवण छान होतं, मला गेलं नाही.

२३ डिसेंबर

दिल्लीहून उत्तर आलं. मराठीत सांगायचं तर असं : चिंचखारला थांबा देणे व्यवहार्य नाही. सदर ठिकाणी गाडी विनापरवाना मंद केली जात असल्याचे माननीय सदस्यांनीच निदर्शनास आणून दिले, त्याबद्दल खाते त्यांचे आभारी आहे. संबंधितांना सक्त सूचना देण्यात आल्या आहेत.

थांबा मिळाला नाही याचं वाईट वाटलं. पण खात्यानं माझे आभार मानले, तेही सभागृहाच्या दप्तरी! इतक्या वर्षांच्या सदस्यांनाही हे भाग्य लाभत नाही. अनसूयेला वाचून दाखवलं. नेहमी काहीतरी टोमणा येतो, म्हणून मी वाट पाहिली. तिनं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

१२ जानेवारी १९९२

आज चिंचखारला महिलांसाठी खास टेम्पो सेवेचं उद्घाटन माझ्या हस्ते झालं. शेठचेच दोन टेम्पो, नवे कोरे. फीत कापली, नारळ फोडला, शाल मिळाली. मी भाषणात शेठच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं.

बायका पाट्या घेऊन मुकाट्यानं टेम्पोत चढत होत्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धोंडूबाई बाजूला उभी दिसली, म्हणून गेलो. "काय धोंडूबाई, आता घरापासून गाडी!"

"गारी आता हलू व्हत न्हाय, साहेब. वाऱ्यासारखी जाते. आमचा ड्रायव्हर बदलला. त्याला म्हने वरून मेमो आला. दिल्लीवरून."

फीत कापायची कात्री अजून माझ्या हातात होती.

"कोनीतरी चुगली केली असल," ती म्हणाली. "आमाला वाटला तुमाला म्हायती असल, कोनी केली ते."

घरी येऊन प्रश्नाची प्रत काढून पुन्हा वाचली. तारखा मांडून पाहिल्या. लग्नाच्या दोन पत्रिका. टेम्पो. माझ्या डोक्यात एक शंका आली आहे, पण ती इथे लिहायचं धाडस होत नाही. एप्रिल जवळ आला आहे आणि शेठशिवाय माझं आहेच कोण? पण माझ्या हुकमी पानाचं काय झालं ते मात्र लिहितो. त्या बायकांकडे जेवढं होतं, तेवढंही मी घालवलं. लाज वाटते.

अनसूयेनं कपाटावरच्या शालींचं बोचकं बांधलं आणि धोंडूबाईकडे पाठवून दिलं. खाडीवर पहाटे थंडी फार असते म्हणे. वर ती लाल शाल होती. मी म्हटलं, अगं, सन्मानाच्या वस्तू आहेत त्या. ती म्हणाली, "म्हणूनच म्हटलं, कोणाच्या तरी अंगाला लागू देत."

९ मार्च

एप्रिलच्या जागेसाठी पक्षानं नाव जाहीर केलं. केसरीनाथ पाटील, कोन.

शेठनी संध्याकाळी पेढे पाठवले. सोबत निरोप, "अण्णांनी जागा गरम ठेवली, उपकार विसरनार न्हाय." मी पुडा तसाच टेबलावर ठेवला. मग अनसूयेला विचारलं, "तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही इतके खूश होतात, की सांगायचा जीव झाला नाही."

पेढा तिनं खाल्ला नाही, मीही नाही.

३० मार्च, दिल्ली

निवृत्त होणाऱ्या सदस्यांचा निरोप समारंभ. प्रत्येकाला चार शब्द बोलायची संधी देतात. मी इतके महिने राखून ठेवलेलं पहिलं भाषण आज करायचं ठरवलं होतं, निरोपाचं म्हणून. चिंचखार, वळण, गुणाबाईचा पाय, आणि माझ्याच प्रश्नानं झालेला घात, सगळं पाठ केलं होतं.

उभा राहिलो. प्रथेप्रमाणे आधी सभापतींचे आभार. मग पक्षाचे. मग सचिवालयाचे, उपाहारगृहाचे, शेजारच्या बिहारवाल्यांचे. आमच्याकडे कोणाचे आभार राहून गेले तर राग धरतात, त्यामुळे एकदा यादी सुरू केली की मला मध्येच तोडता येत नाही. केसरीनाथ पाटलांचेही आभार मानले. सवयीनं तोंडातून निघून गेलं. शेवटी म्हणालो, "और अब चिंचखार की बहनों का एक सवाल..."

घंटा वाजली.

"महोदय, ये मेरा पहला भाषण है," मी म्हणालो.

सभागृहात मोठा हशा पिकला. बाकं वाजली. पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं. बिहारवाल्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "बहुत अच्छा बोले." त्यांचे डोळे हसत नव्हते. एवढं मात्र या वेळी माझ्या लक्षात आलं.

६ एप्रिल १९९२

पाटी उतरवली. कोर्टाबाहेर टेबल पुन्हा मांडलं. ओटीवर आता कोणी नसतं.

दुपारी धोंडूबाई आली. पाटीत पुन्हा जिताडा. मी म्हटलं, "बाई, मी आता खासदार नाही. केसरीनाथशेठ आहेत, त्यांच्याकडे जा."

"त्यांचा टेम्पो हाय, ते कशाला गारी थांबवतील?" ती सहज बोलून गेली. जे लिहायचं मला धाडस झालं नव्हतं ते.

मग ती खाली बसली. "साहेब, आमाला थांबा नको. इसरा ते. फकस्त आधी व्हायची तशी हलू करून द्या. दिल्लीला जाऊन सांगा, आमचा काय म्हनना न्हाय."

टेम्पोला पैसे देऊन हातात काही उरत नाही. म्हणून गुणाबाई टेम्पोनं जात नाही. ती डोक्यावर पाटी घेऊन रुळांवरून पुढच्या स्टेशनापर्यंत चालत जाते, लंगडत. मध्ये खाडीचा पूल आहे. गाडी आली की कठड्याला चिकटून उभी राहते. तिचं बघून आता आणखी दोघी तशाच जायला लागल्या आहेत.

"मी तिला बोलते, नको जाऊ. ती बोलते, साहेबांनी शब्द दिला हाय, व्हईल."

धोंडूबाई जाताना जिताडा ठेवूनच गेली. अनसूयेनं तो शिजवला नाही, शेजारी देऊन टाकला. आज प्रथमच आमच्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर न बोलता एकमत झालं.

९ एप्रिल

हे आज सविस्तर लिहायला हवं, कारण पुढे उपयोगी पडेल.

सकाळी भिवंडीच्या स्टेशनावर गेलो. खासदारकीचा पास संपला, म्हणून दिव्याचं तिकीट काढलं. गाडी वळणावर खरंच किती वेगानं जाते ते स्वतः पाहावं आणि जमलं तर नव्या ड्रायव्हरच्या हातापाया पडावं, एवढाच विचार होता. खिडकीपाशी बसलो.

चिंचखारचं वळण जवळ आलं. गाडी जराही हळू होईना. आणि अचानक ब्रेक लागले. माणसं एकमेकांवर आदळली, वरच्या फळीवरची गाठोडी खाली आली, आणि गाडी करकरत उभी राहिली. खिडकीतून वाकून पाहिलं तर पुढे रुळांच्या मध्यभागी धोंडूबाई उभी. डोक्याच्या वर दोन्ही हातांत लाल शाल, जरीच्या काठाची. केसरीनाथशेठनी १३ डिसेंबरला बरोबर अकरा वाजता माझ्या खांद्यावर घातलेली.

बाजूला बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक क्षण गाडीकडे पाहिलं, ती खरंच थांबली आहे ना म्हणून. मग एकमेकींना हात देत चढायला लागल्या. शेवटी गुणाबाई. तिला कोणी ओढलं नाही की ढकललं नाही. ती आधी पाटी ठेवून, मग दांडा धरून, सावकाश पायरी चढली, जशी कोणीही स्टेशनात चढते.

तेवढ्यात गार्ड लाल बावटा घेऊन धावत आला. "किसने रोकी गाडी? लाल कपडा किसका है? मालूम है जेल होती है?"

धोंडूबाईनं शाल खाली केली होती. मला कायदा माहीत आहे. खोटा लाल बावटा दाखवून गाडी थांबवणं हा साधासुधा गुन्हा नाही.

मी खाली उतरलो. उंची फार होती, गुडघ्याला लागलं. चालत गेलो आणि धोंडूबाईच्या हातातून शाल घेऊन खांद्यावर टाकली.

"शाल माझी आहे," मी म्हणालो. "गाडी मी थांबवायला लावली. या बाईला मी सांगितलं होतं."

"आप कौन?"

"हरी टिपणीस. नोटरी."

"साहेब, तुमी कशाला—" धोंडूबाई बोलायला लागली. मी तिला गाडीत चढ म्हणून खूण केली. ती चढेना, तेव्हा ओरडलो. आयुष्यात मी कोणावर इतका ओरडलो नसेन. मग चढली. गार्ड नाव, पत्ता, वय लिहून घेत होता, ड्रायव्हर खाली उतरून डोकं खाजवत होता, आणि तेवढा सगळा वेळ गाडी चिंचखारला थांबली होती.

मला पुढच्या स्टेशनात पोलिसांच्या ताब्यात दिलं. जामिनावर संध्याकाळी सुटलो. दारात अनसूया उभी होती. तिनं आधी गुडघा पाहिला, मग शाल पाहिली, मग म्हणाली, "शेवटी तुमच्याच अंगाला लागली म्हणायची."

केसरीनाथशेठचा माणूस येऊन गेला. शेठ म्हणे वरपर्यंत बोलून प्रकरण मिटवतील, मी फक्त चूक झाली असं लिहून द्यायचं. त्याला नको म्हणून सांगितलं. तोही चक्रावला, मीही थोडा.

"वकील कोण देणार?" अनसूयेनं विचारलं.

"कोणी नाही. माझं मीच बोलणार. रेल्वेच्या कोर्टात, सुरुवातीपासून. वळण, पूल, पाय, पत्रिका, टेम्पो, सगळं."

"आणि मध्येच घंटा वाजली तर?"

तिला सांगितलं, कोर्टात घंटा नसते. आरोपीचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. आणि या वेळी आभारांपासून सुरुवात करायची नाही, असंही तिनं मला बजावून ठेवलं आहे.